पहिला तान्सू घेताना

पहिला तान्सू, म्हणजे खणांचं पारंपरिक जपानी लाकडी कपाट, घेताय, छान! समोरच्या नक्षीदार लोखंडावर भुलू नका. आधी खण पूर्ण बाहेर काढा. कडीजवळ बुजवलेली भोकं दिसली, तर कड्या बदलल्यात समजा. जपानच्या मेइजी काळातले (१८६८–१९१२) कपड्यांचे तान्सू बरेचदा एकावर एक ठेवलेल्या दोन भागांचे असतात. दोन्हींचं लाकूड जुळतंय ना, पाहा.

नवशिके घरी आणल्यावर चुकतात ते इथे:

- किरीचं (पावलोनिया झाडाचं) लाकूड नखाने ओरखडेल इतकं मऊ असतं. ओलं फडकं, तेल, पॉलिश काही नको, कोरडं सुती फडकं पुरे.
- लोखंड घासून चकचकीत करू नका. जुना काळा थर गेला की गेला.

आणि एक खण हळूच आत ढकला. हवेच्या दाबाने शेजारचा पुढे सरकला, तर सुताराचा हात फार चोख! मला अजून ते बघताना हरखायला होतं.