"दारू नाय हो मॅडम, फक्त बिअर घेतो"

हे वाक्य साताऱ्यात समुपदेशनाला माझ्यासमोर बसून इतक्या आयांनी मुलाबद्दल म्हटलंय की आज लिहायलाच बसले.

एक मुलगा सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. वय 18, पोलीस भरतीची तयारी, रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला पळणार आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर यवतेश्वरच्या घाटात बसणार. आई रडत होती, हा मोबाईलमध्ये.

"बिअरनं काय होतंय मॅडम?"

मी भाषण दिलं नाही, कागद दिला. 650 मिलीची स्ट्राँग बाटली, 8 टक्के अल्कोहोल, कर हिशोब. आलं 52 मिली. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगात साधारण 13.

"म्हणजे... चार पेग?" असं म्हणून बराच वेळ गप्पच बसला.

पुढच्या वेळी त्याची टायमिंगची वही मागवली. अकॅडमीत दर रविवारी 1600 मीटरची ट्रायल असते, म्हटलं आदल्या रात्री घाटात गेलेले रविवार लाल पेनानं गोल कर. त्यानं केले आणि स्वतःच म्हणाला, "मॅडम, लाल सगळे स्लो आहेत ओ. मी शूजला दोष देत होतो."

तो क्षण मी विसरणार नाही. वीस वर्षांनी लिव्हर जाईल म्हटलं तर या वयाला काही वाटत नाही, कालचे वीस सेकंद गेले की वाटतं. माणसाला उत्तर त्याच्याच वहीत सापडू द्यावं, हे मी इतकी वर्षं मानत आलेय.

मग तो विचारायला लागला आणि मी सांगत गेले. मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यातला 'थांब' म्हणणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी, म्हणून आठवणीला आणि शिकण्याला या वयात दारूचा फटका जास्त बसतो. गाढ झोपेत वाढीचं हार्मोन सुटतं, स्नायू भरून येतात, आणि दारू रात्रीची झोप मोडते. हाडंही अजून भरायची असतात. आपल्या महाराष्ट्रात बिअरला 21 आणि हार्ड दारूला 25 ची अट आहे, हे तर कित्येक पालकांनाच माहीत नसतं.

खरी गाठ मात्र वेगळीच निघाली. "नाही म्हटलं तर ग्रुप तुटंल." दारूपेक्षा हा विचार सोडवायला जास्त वेळ गेला, मधे दोनदा घसरला पण. आईला सांगितलं, तोंडाचा वास घेत बसू नका, रविवारी टायमिंग विचारा.

नंतर एकदा दारातूनच ओरडला, "मॅडम, घाटात गेलो, कणीस खाल्लं, आलो. सकाळी ट्रायलला टायमिंग 5:22!"