आई फोनवर होती तरी मी काहीच बोलले नाही

मुंबईत रात्री एकटीने प्रवास करायची भीती वाटते, काय करू, असं विचारणाऱ्या मुली माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याच येतात. बहुतेक बाहेरगावहून नोकरीला आलेल्या. त्यांना यादी हवी असते, मिरचीचा स्प्रे ठेवू का, कराटे लावू का वगैरे. यादी कुठेही मिळते हो. मी त्यापेक्षा एका मुलीबद्दल सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.

वय चोवीस, उदगीरकडची. पवईला ऑफिस, शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०. मग कांजूरमार्गहून स्लो लोकल, डोंबिवलीला उतरून पूर्वेला एमआयडीसीकडे शेअर रिक्षा, पुढे दोन मिनिटं चालत रूम. आली तेव्हा तक्रार एवढीच की झोप लागत नाही आणि नऊ वाजले की पोटात गोळा येतो, दोनदा तर घरी न जाता ऑफिसातच रात्र काढली. "मॅडम, मला लोकलची भीती बसलीय."

तिसऱ्या वेळी आली तेव्हा कळलं की लोकलचा काही संबंधच नव्हता. शेअर रिक्षात मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला चौथी सीट (नियमात बसत नाही, पण रात्री अकराला कोण नियम बघतंय), ही मागे मधे बसलेली. बाजूच्या माणसाचं आधी कोपर, मग हात. दहा-बारा मिनिटांचा रस्ता. आणि पूर्ण वेळ हिच्या कानात हेडफोन, फोनवर आई, कारण ऑफिस सोडल्यापासून रूमचं कुलूप उघडेपर्यंत फोन चालू ठेवायचा असा दोघींचा नियम होता. आई विचारतेय जेवलीस का, ही सांगतेय, हो, वांग्याची भाजी होती.

हे सांगताना ती त्या माणसाबद्दल कमी आणि वांग्याच्या भाजीबद्दल जास्त रडली. "आई फोनवर होती तरी मी काहीच बोलले नाही, म्हणजे मला ते चाललं असंच झालं ना?"

नाही झालं. हे मी आजवर इतक्या जणींना सांगितलंय की आता पाठ झालंय, तरी प्रत्येकीला पहिल्यापासून सांगावं लागतं. अचानक साप समोर आला की पाय जागीच खिळतात ना, तसंच हे, शरीर गोठतं, घसा बंद होतो, आणि तोंडातून नेहमीच्या सवयीचं वाक्य निघून जातं. तो होकार नसतो. भित्रेपणाही नसतो. पण घरात-ऑफिसात सगळे "ओरडायचं ना मग" म्हणतात, त्यामुळे जिच्या बाबतीत घडलं तीच स्वतःला आरोपी करून बसते आणि मग घडलेलं कुणालाच सांगत नाही.

पोलिसांचंही बोललो. ११२ ला फोन करता येतो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि असा नको तिथे हात लावणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये येतं. तिने तक्रार करायची नाही असं ठरवलं. मी आग्रह धरला नाही, तो निर्णय तिचा.

मग तिला एक काम दिलं. दोन आठवडे रोज रूमवर पोचलं की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला दहापैकी मार्क द्यायचे, भीती किती वाटली त्याचे. वही बघून तिलाच आश्चर्य वाटलं. लोकलला दोन, ऑफिस ते कांजूरमार्ग स्टेशनला सहा, रिक्षाला नऊ. लोकलची भीती सगळे घालतात म्हणून तिने तीच धरून ठेवलेली, खरं तर त्या गाडीला लेडीज डब्यात गर्दी असते, रात्री पोलीस किंवा होमगार्ड असतो, रोजच्या बायका ओळखीच्या झालेल्या. डबा रिकामा वाटला तर पुढच्या स्टेशनला उतरून माणसं असलेल्या डब्यात चढायचं, रेल्वेचा १३९ आणि रेल्वे पोलिसांचा १५१२ फोनमध्ये सेव्ह, झालं. सगळा वेळ रिक्षाला दिला. मधे बसायचं नाही, कडेची सीट नसेल तर पुढची रिक्षा, बॅग मांडीवर न ठेवता मधे, आणि एक वाक्य.

वाक्याची प्रॅक्टिस माझ्या केबिनमध्ये. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अहो प्लीज जरा सरकता का." म्हटलं प्लीज काढ. मग "जरा" काढलं. चौथ्या-पाचव्या वेळी "हात काढा!" असं काही निघालं की बाहेरच्या रिसेप्शनवाल्या बाईंनी दार उघडून विचारलं, सगळं ठीक आहे ना. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

राहिला आईचा फोन. हेडफोन लावून तासभर बोलत चालणारीला मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही, आणि आईला काळजी वाटू नये म्हणून ती नॉर्मल आवाज काढत राहते, म्हणजे फोनने उलटंच झालेलं. तिच्या परवानगीने आईशी बोलले. "मॅडम, लेकरू एकटं हाय तिथं, मी नुसती कशी बसू?" मी म्हटलं ताई, बसू नका, पण निघताना दोन मिनिटं आणि पोचल्यावर एक मिस्ड कॉल, मधे फक्त लाइव्ह लोकेशन. आणि एक खुणेचं वाक्य ठरवू, "आजीचं औषध आणलं का", हे ऐकलं की काही न विचारता ११२ ला फोन करून लोकेशन द्यायचं आणि मग रूममेटला. ट्रायल घेतली तर आई म्हणतात, "अगं आजी तर जाऊन दोन वर्षं झाली!" दुसऱ्या वेळी बरोबर जमलं.

खरं सांगायचं तर या सगळ्यात माझी चिडचिड होते ती वेगळ्याच गोष्टीवर. रात्री १० ला सुटणारी मुलगी मुळात शेअर रिक्षात का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे, रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची, घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची. हिला माहीतच नव्हतं. कळल्यावरही "मी नवीन आहे, काढून टाकतील" म्हणून महिनाभर गप्प. शेवटी त्याच शिफ्टच्या अजून तिघींना बरोबर घेऊन मेल केला, एकीच्या नावाने नाही, चौघींच्या. आधी उत्तर आलं की स्टेशनपर्यंत गाडी देऊ. चौघींनी पुन्हा लिहिलं, दारापर्यंत.

दोन महिन्यांनी गाडी सुरू झाली. झोप आता येते, पोटातला गोळा अधूनमधून असतो. पण गाडीत शेवटचा ड्रॉप हिचाच, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं ड्रायव्हर आणि ही. शेवटी एकटी मुलगी राहणार असेल तर सोबत गार्ड द्या, नाहीतर क्रम बदला, असा मेल तिने परवा एकटीच्या नावाने लिहिला आणि पाठवायच्या आधी मला वाचायला दिला. त्यात प्लीज एकदाच होतं. मी म्हटलं, राहू दे तेवढं.