‘डच डिसीज’ला वलंदेजी रोग म्हणावं का?

प्रश्न असा आहे : तेलावर जगणाऱ्या देशांबद्दल लिहिताना ‘डच डिसीज’ हा शब्दप्रयोग येतो. त्याला मराठीत ‘डच रोग’ म्हणायचं, की आपला जुना शब्द वापरून ‘वलंदेजी रोग’?

वलंदेज, म्हणजे डच, हा शब्द माझाही लाडका. पोर्तुगिजांकडून आला, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, यादीत जाऊन बसला, आणि त्या लोकांच्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यात आजही आहेत. पण इथे तो नको. वलंदेज म्हटलं की गलबतं आणि मिरी आठवतात, आणि ही गोष्ट विसाव्या शतकातली. १९५९ साली नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू विकून परकीय चलन आलं, त्यांचं तेव्हाचं चलन गिल्डर वधारलं, आणि तिथल्या कारखान्यांचा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९७७ साली त्याला हे नाव दिलं.

‘रोग’ही मला खटकतो. रोग म्हटलं की तांबेरा, करपा असलं काही डोळ्यांपुढे येतं. त्यात एल्म वृक्षांना मारणाऱ्या बुरशीच्या रोगालाही डचांचंच नाव चिकटलेलं आहे, म्हणजे घोटाळा ठरलेला! मी ‘डच आजार’ लिहितो.

पण खरं सांगू? हा आजार समजावून सांगायला मराठीत आधीपासून एक जोडी आहे : सूज आणि बाळसं. अंग भरलेलं दोन्हींत दिसतं. नायजेरियाचं पाहा. कानो शहरात निर्यातीच्या भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचलेले असत, ते तिथलं वैभव होतं. १९५८ पासून तेल बाहेर जाऊ लागलं, आणि सत्तरच्या दशकात निर्यातीच्या कमाईतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या तेलाचा झाला. पैसा दिसत होता, मनोरे मात्र गेले. दुष्काळ आणि पिकावरची कीडही त्याला कारण होती, पण तेलाचा पैसा हाताशी असताना शेती सावरायची निकड कुणाला? पुढे तर कच्चं तेल विकणाऱ्या या देशाला पेट्रोल बाहेरून आणावं लागलं, कारण सरकारी शुद्धीकरण कारखाने धड चालेनात. ही सूजच.

सरसकट सगळ्या तेलवाल्यांना मात्र हा शब्द लावू नका. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी काढला, आणि तो देशाबाहेरच गुंतवला जातो, घरात पैसा एकदम फुगू नये म्हणून.