ख्रिश्चन लग्नात एकनिष्ठ राहणं म्हणजे नक्की काय? नवरा जहाजावर असताना संशय येणं पाप आहे का?

तुमचा नवरा नऊ-नऊ महिने जहाजावर असतो म्हणून लिहितेय. मी मूळची नगरची, प्रोटेस्टंट घरातली, लग्न करून आले गोव्यात सासष्टीत, कॅथलिक तारवट्याच्या (म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या) घरी. त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे मला असं समजा.

संशयाचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्यावर कोणी संशय घेतलाय का? कारण जहाजावर पुरुष काय करतात यावर गाव हसून सोडून देतं आणि नजर ठेवतं घरात राहिलेल्या बाईवर.

१९९६ चा मे महिना, विहिरीवरची मोटार बंद पडली. मेकॅनिक आला, उतरवून घेऊन गेला, वायंडिंग जळलेलं, मडगावात रिवाइंड करून चार दिवसांनी आणली तर आता फूट व्हॉल्व्ह गळतोय, म्हणून तिसरी फेरी, आणि त्या संध्याकाळी नेमका पाऊस लागला म्हणून तो चहा घेऊन थांबला. तीन फेऱ्या. बाजूच्या घरातून नणंदेने मोजल्या, आणि भावाला जहाजाच्या एजंटच्या पत्त्यावर पत्र टाकलं की तुझ्या बायकोकडे संध्याकाळचा माणूस येतो. पत्र त्याला मिळालं दीड महिन्याने. मला यातलं काहीच माहीत नाही. एका रात्री शेजाऱ्यांच्या फोनवर सिंगापूरहून कॉल, मिनिटामिनिटाला पैसे जातायत, शेजारी सगळे कान लावून बसलेले, आणि हा विचारतो काय, तर "मोटार नीट चालते ना आता?" मी म्हटलं चालते. "बरं, मग पोरीला दे फोन." बस, एवढंच. साइन-ऑफ होऊन (कॉन्ट्रॅक्ट संपवून) घरी आला तेव्हा पत्र माझ्या हातात दिलं, म्हणाला ठेव नाहीतर जाळ.

मी जाळलं नाही, घेऊन गेले नणंदेकडे. ती म्हणते मी काय चुकीचं केलं, बायबलातली सहावी आज्ञा आहे, व्यभिचार करू नको. मी म्हटलं सातवी! (आज्ञा त्याच दहा, पण कॅथलिक मोजतात वेगळ्या आणि आम्ही वेगळ्या.) त्यावर अर्धा तास भांडलो, मूळ मुद्दा राहिला बाजूला. रात्री अंथरुणात सुचलं की अगं बाई, त्याच यादीत दोन आज्ञा पुढे 'खोटी साक्ष देऊ नको' पण आहे की, तुझी आठवी, माझी नववी. तिला हे तोंडावर सांगायचं आजवर राहिलंच, म्हणून इथे सांगते.

तर एकनिष्ठपणा म्हणजे फक्त अंथरुणाचा हिशोब नाही हे माझं स्पष्ट मत. बायबलात मत्तय ५ मध्ये येशूने तो नजरेपर्यंत आणून ठेवलाय, वाईट नजरेने बघितलं तरी मनात व्यभिचार झाला म्हणतो, आणि तिथे तो पुरुषांच्या नजरेबद्दल बोलतोय. योहान ८ मध्ये व्यभिचारात पकडलेल्या बाईला धरून आणली, बरोबरचा पुरुष कुठे गेला? लेवीय २० मध्ये शिक्षा तर दोघांना लिहिलीय. आणि पौल १ करिंथ ७ मध्ये सांगतो की नवराबायकोने दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने आणि थोड्याच काळापुरतं. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट बघून तो काय म्हणाला असता देव जाणे. माझी संमती कोणी विचारली नव्हती, महिन्याची अलॉटमेंट (पगारातून घरी येणारे पैसे) येते म्हणजे बायको खूश असंच धरतात सगळे. तुमची विचारली होती का?

आता तुमचा संशय. पाप आहे की नाही ते कुमसारात (पापाची कबुली देताना) पाद्रीला विचारा, माझं म्हणणं एवढंच की मनात येतो त्याला इलाज नाही, पण विचारायचं ते थेट त्यालाच, नणंदा-शेजारणींना मध्ये घ्यायचं नाही. आता तर व्हिडिओ कॉल आहे.

हे सगळं हातात काही पुरावा नाही तोवरचं हं. खरंच कोणी असेल, किंवा मारहाण करत असेल, तर 'माफ कर गं' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, माफ करून वेगळं राहता येतं. मत्तय १९ मधल्या व्यभिचाराच्या अपवादावरून आमच्यातले बरेच पाळक घटस्फोट मान्य करतात, कॅथलिक चर्च नाही करत, तिथे चर्चचं न्यायाधिकरण लग्न मुळात वैध होतं का तेवढं तपासतं. आणि गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी, ते आधी वकिलाकडून नीट समजून घ्या, मग रडा.

आणि एक राहिलं. त्याने फक्त मोटारीचं विचारलं हे मी सगळ्यांना मोठ्या तोंडाने सांगते, पण तो घरी आला आणि आंघोळीला गेला की मी त्याची बॅग उघडायचे. कपडे धुवायला काढते म्हणून. शर्ट हुंगायचे, खिसे चाचपायचे, दर वेळी, सतरा वर्षं. त्याला माहीत असणार, कारण माझ्यासाठी आणलेली चॉकलेटं नेहमी सगळ्यात वर ठेवलेली असायची.