जिल्हा परिषद शाळांना चाचणीच्या गुणांवरून जबाबदार धरावं का?

चाचणी हवीच, पण नुसत्या गुणांवरून शाळेला दोषी ठरवू नये. बीड जिल्ह्याचं बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. सोबत कितीतरी लेकरंही जातात आणि परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. अशा गावातल्या चौथीची लातूर शहरातल्या चौथीशी थेट तुलना करणं हा गुरुजींवर अन्याय आहे. मोजायचंच तर तेच मूल जूनमध्ये कुठं होतं आणि वर्षअखेर कुठवर आलं, हे मोजा.

अमेरिकेत २००२ च्या कायद्याने गुणांवरून शाळांवर कारवाई सुरू झाली. अटलांटात शिक्षकांनीच मुलांची उत्तरं खोडून बदलली. २०१५ मध्ये ११ शिक्षक-अधिकारी न्यायालयात दोषी ठरले. त्याच वर्षी तो कायदाही बदलला.

म्हणून शाळा मोकळी सुटते असं मात्र नाही. पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी विचारलंच पाहिजे. 'परख' हे केंद्राचं देशपातळीवरचं सर्वेक्षण निवडक शाळांच्या नमुन्यावर बेतलेलं असतं, त्यातून तुमच्या गावची शाळा कळत नाही. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्यांचे गुण शाळेतच असतात, ते मागून बघा.