कृष्णेच्या घाटाला इतक्या पायऱ्या का?

प्रश्न : बाई, मी तासगावजवळच्या खेड्यातली. बीए भूगोल झालं. एमएसाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा देतेय, शिवाय दुसऱ्या एका विद्यापीठात लेखी परीक्षेनंतर मुलाखत आहे. नोट्स तीनदा वाचून झाल्या, तरी मुलाखत म्हटलं की पोटात गोळा येतो. इंग्रजी यथातथाच. आणखी काय वाचू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : वाचन आता पुरे कर बाई!

परीक्षेचं आधी उरकते. सीयूईटीत बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उरलेल्यातला एक निवडायचाच. अशा दहा प्रश्नांत निम्मे चुकले तरी 15 गुण पदरात पडतात. घाबरून कोरे सोडलेस तर शून्य.

मुलाखतीचं मात्र माझीच फजिती सांगते. मीही सांगलीहून गेले होते. डेव्हिस या भूगोलतज्ज्ञाचं क्षरणचक्र, म्हणजे झिजत झिजत नदीखोरं कसं म्हातारं होतं तो सिद्धांत, तोंडपाठ. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था असं घडाघडा म्हणून दाखवलं. समोरच्या सरांनी विचारलं, "तुमची कृष्णा कुठल्या अवस्थेत?" मी ठोकून दिलं, "वृद्ध. पूर येतो ना!" ते म्हणाले, "मग घाटाला इतक्या पायऱ्या का उतराव्या लागतात? म्हाताऱ्या नदीचा काठ एवढा उंच कसा?" जन्मभर त्या पायऱ्या उतरले होते मी, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. गप्प बसले. प्रवेश गेला. खरं तर त्यांना उत्तर नकोच होतं. "थांबा, विचार करते" एवढं म्हणून मी मोठ्याने विचार केला असता तरी चाललं असतं.

तेव्हा एकदा सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन उभी राहा. तिथे धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आता स्वतःलाच विचार : सांगलीत ऊन पडलेलं असताना नदी चढते कशी? पाऊस महाबळेश्वर, कोयनेच्या अंगाला. कोयना कराडला मिळते, वारणा इथे हरिपूरला, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. उतार कमी, म्हणून पाणी तुंबतं. इतकं बोललीस की पॅनेल "आणि अलमट्टी?" म्हणून काडी टाकणारच. अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, आपल्याकडच्या पुराचं खापर त्याच्यावर फोडतात. तिथे चावडीवरचं भांडण करू नकोस. कुठल्या दिवशी धरणात किती पाणी होतं, किती सोडलं, इकडे पातळी किती होती, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावे लागतील, असं सांग.

दुसरं, टोपोशीट, म्हणजे चढउतार, ओढे, रस्ते दाखवणारा सविस्तर नकाशा. तुझं तासगाव 47 के/12 वर, सांगली त्याच्या खालच्या 47 एल/9 वर. कॉलेजच्या लॅबमधून मागून घे. जुन्या शीटवर निळी रेषा म्हणजे पाणी असलेला प्रवाह, काळी म्हणजे कोरडा ओढा. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटर उंचीच्या अंतराने. शाळेचा रस्ता बोटाने चालून बघ, चढ कुठे लागतो ते सायकलवर पायांनी शिकवलेलं असेलच.

इंग्रजीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. छोटी वाक्यं कर. शब्द अडला तर कागद मागून आकृती काढ. भूगोलवाल्यांना आकृती फार आवडते, आम्ही सगळे तसलेच.

आणि गाव विचारलं, तासगाव म्हणालीस, तर बेदाण्याचा विषय निघणारच. बेदाणा शेडमध्ये, सावलीत का वाळवतात आणि शेडच्या बाजू उघड्या का ठेवतात, हे आज संध्याकाळी घरच्यांना विचारून ठेव. पाऊस आला की त्यांची का धांदल उडते तेही विचार. मग मला कळव.