नवा एपिसोड आला, जुनी सेव्ह कुठे गेली?

या वेळी आलेली पत्रं एकाच विषयावरची आहेत: कॉलेजातली प्रेमकथा एपिसोडगणिक पुढे नेणारे व्हिज्युअल नॉव्हेल गेम, म्हणजे चित्रांसोबत गोष्ट वाचत जायची आणि मधूनमधून उत्तर निवडायचं असे गेम. त्यात कुठवर आलो हे साठवून ठेवलेली नोंद म्हणजे ‘सेव्ह’.

प्रश्न: मी शिवाजी विद्यापीठात शिकते. लॅपटॉपवर असा एक गेम खेळते आहे. तिसरा एपिसोड आला म्हणून नवी झिप उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये उघडली. जुन्या सेव्ह दिसतात, पण लोड केल्यावर गोष्ट दोन-चार वाक्यं मागूनच सुरू होते. शिवाय पहिल्या एपिसोडमध्ये मी ज्याची बाजू घेतली होती, तो आता काही घडलंच नाही असं बोलतो. सगळं पहिल्यापासून खेळावं लागणार का?
– एक वाचक, सागरमाळ

उत्तर: बहुतेक नाही. पण आत काय चाललंय ते कळलं तर पुढच्या एपिसोडला ही वेळ येणार नाही. असे बरेचसे गेम रेनपाय या मोफत इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बनतात, तुमचाही त्यावरच असावा असं धरून सांगतो. रेनपाय सेव्ह दोन ठिकाणी ठेवतं. एक प्रत गेमच्या फोल्डरमध्ये, तर दुसरी विंडोजच्या ॲपडेटामध्ये. झिप नव्या फोल्डरमध्ये उघडूनही जुन्या सेव्ह दिसल्या त्या या दुसऱ्या प्रतीमुळे. ती बघायची तर विंडोज की आणि आर एकदम दाबा, चौकटीत ॲपडेटा हा शब्द दोन पर्सेंट चिन्हांमध्ये इंग्रजीत लिहून एंटर मारा. रोमिंग फोल्डर उघडेल. त्यात रेनपाय, आणि त्यात तुमच्या गेमच्या नावाचा फोल्डर. नवा एपिसोड टाकण्याआधी हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. त्यातली पर्सिस्टंट नावाची फाइल विसरू नका. कुठला मजकूर वाचून झालाय आणि गॅलरीतली कुठली चित्रं उघडलीत, याची नोंद सहसा तीतच असते.

आता गोष्ट मागून का सुरू होते ते. सेव्ह करताना तुम्ही स्क्रिप्टच्या नेमक्या कुठल्या ओळीवर होता, हे इंजिन लक्षात ठेवतं. नव्या आवृत्तीत लेखकाने तो प्रसंग पुन्हा लिहिला असेल, तर ती ओळ सापडत नाही. मग इंजिन मागे मागे जात ओळखीची ओळ शोधतं आणि तिथून सुरू करतं. म्हणून प्रसंगाच्या ऐन मध्यावरची सेव्ह पुढच्या एपिसोडसाठी कच्ची. एपिसोड संपताना बऱ्याच गेममध्ये ‘इथे सेव्ह करा’ असा पडदा येतो. तिथेच थांबा, नव्या स्लॉटमध्ये (सेव्हच्या रिकाम्या जागेत) सेव्ह करा आणि त्या स्लॉटला पुन्हा हात लावू नका. ऑटोसेव्हच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. त्याचे स्लॉट सहसा १० असतात, दर निवडीला एक भरतो आणि सर्वांत जुना पुसला जातो. एक संध्याकाळ नेटाने खेळलात की आधीच्या एपिसोडची ऑटोसेव्ह उरत नाही.

तो मुलगा ओळख विसरला, त्याचं कारण वेगळं. तुमची प्रत्येक निवड गेम एखाद्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, साठवतो. लेखकाने तिसऱ्या एपिसोडसाठी एखादं नवं व्हेरिएबल पहिल्या एपिसोडमध्ये घातलं असेल, तर तुमच्या जुन्या सेव्हमध्ये ते नाहीच. लोड करताना त्याला ठरलेली मूळ किंमत मिळते, आणि ती बहुधा ‘बाजू घेतली नाही’ अशी असते. आवृत्तीसोबतच्या बदलांच्या यादीत ‘जुन्या सेव्ह चालणार नाहीत’ असं लिहिलंय का, ते आधी वाचा. लिहिलं असेल तर नव्याने सुरुवात केलेलीच बरी. वाचलेला मजकूर टॅबने स्किप करा, किंवा कंट्रोल दाबून धरा. स्किप निवडीपाशी आपोआप थांबतो. बदललेला मजकूर आला तरी थांबतो, आणि तो मजकूर वाचावाच, कारण बदल तिथेच झालाय. अशा प्रकारे दोन एपिसोड निवडींपुरतेच राहतात, म्हणजे थोडक्या वेळात आटोपतात.

एक कळकळीची सूचना. ‘सगळे रूट उघडलेली सेव्ह’ (रूट म्हणजे एकेका पात्रासोबतची प्रेमकथेची वाट) म्हणून कुणी अनोळखी फाइल पाठवली तर ती टाकू नका. रेनपायच्या सेव्ह फाइलमधून घातक कोड चालवता येतो. म्हणूनच नव्या आवृत्त्या दुसऱ्या यंत्रावरची सेव्ह उघडताना इशारा देतात. तो डोळे मिटून ‘हो’ म्हणायचा पडदा नव्हे.

प्रश्न: सगळ्यांशी गोड वागूनही मला दर वेळी ‘आपण चांगले मित्र राहू’ हाच शेवट मिळतो. चुकतं कुठे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: सगळ्यांशी गोड वागता, तिथेच. प्रत्येक पात्राच्या खात्यात तुमच्याविषयीच्या आपुलकीचे गुण साठत असतात आणि ठराविक प्रसंगी गेम ते तपासतो. ठरलेल्या आकड्याच्या वर असाल तर रूट उघडतो, खाली असाल तर मैत्रीच. शिवाय काही निवडींना गुण नसतात. तिथे नुसती ‘हे घडलं’ अशी खूण पडते, जिला खेळणारे फ्लॅग म्हणतात. पहिल्या एपिसोडमधला फ्लॅग चुकला तर चौथ्यात गुण भरपूर असूनही दार बंद राहतं.

एक कल्पित प्रसंग घेऊ. ग्रंथालयात अबोल, हुशार मुलगा विचारतो, “माझ्या नोट्स तू कॉपी केल्यास का?” उत्तरं तीन: “सॉरी, चुकलं माझं”, “हो, पण तिसऱ्या पानावर तुझंच गणित चुकलंय”, आणि “मी? छे!” नवखा खेळाडू पहिलं निवडतो, कारण ते सभ्य वाटतं. पण लेखकाने हे पात्र बरोबरीने बोलणाऱ्याची कदर करणारं रंगवलं असेल, तर दोन गुण दुसऱ्या उत्तराला मिळतात, पहिल्याला शून्य, आणि खोटं बोललं की एक वजा. हेच पहिलं उत्तर एखाद्या हळव्या पात्रापाशी नेमकं बसेल. म्हणून ‘चांगलं उत्तर कुठलं’ असा विचार करू नका, ‘या माणसाला काय भावेल’ असा करा. तो आधी काय बोलला, कशावर चिडला, हे हिस्टरीच्या पानावर पुन्हा वाचता येतं.

दोन पात्रं एकाच वेळी सांभाळू नका. बहुतेक वेळा एकाच संध्याकाळी दोघांची बोलावणी येतात, आणि एकीकडे गेलात की दुसरीकडचे गुण हुकतात. निवडीआधी सेव्ह करा आणि वहीत एपिसोड, निवड, स्लॉट अशी एक ओळ लिहा. निवडीनंतर माउसचं चाक मागे फिरवलं की बऱ्याच गेममध्ये मागे जाऊन दुसरं उत्तरही पाहता येतं. काही लेखक ही सोय मुद्दाम बंद ठेवतात. वॉकथ्रू, म्हणजे कुठे काय निवडायचं याची तयार यादी, पहिल्या खेळात वाचू नये, असं आमचं ठाम मत आहे. उत्तरं आधीच हातात असली की पात्रांचं बोलणं कुणी नीट वाचत नाही, आणि या गेममध्ये वाचण्याखेरीज आहे काय!

प्रश्न: मोबाइलवरच्या गेममध्ये रोजचे पॉइंट्स ऐन संवादात संपतात. विकत घ्यावेत का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर: आधी हिशोब करा. समजा रोज १० पॉइंट्स मिळतात आणि एका संवादाला २ लागतात, तर दिवसाला पाचच संवाद झाले. एपिसोड साधारण चाळीस संवादांचा असेल तर आठ दिवस लागणार. उरलेले पॉइंट्स पुढच्या दिवशी जमा होत असतील, तर आठवडाभर नुसतं लॉगिन करा आणि मग एपिसोड सुरू करा. नकाशावर उगाच भटकू नका, आधी एपिसोडचं उद्दिष्ट वाचा.

पैसे घालायचेच असतील तर महिन्याची रक्कम आधी ठरवा आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पडताळणी मागायचा पर्याय सुरू ठेवा. सबस्क्रिप्शन घेतलं असेल तर ॲप काढून टाकल्याने ते बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊनच रद्द करावं लागतं. आणि पाहुणा म्हणून खेळत असाल तर आजच खातं जोडा. फोन बदलला की पाहुण्याची प्रगती बहुधा जातेच.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर गेम उघडतो, पण पडदा काळाच राहतो. आवाज मात्र येतो.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: गेम रेनपायचा असेल तर शिफ्ट आणि जी एकदम दाबा. ग्राफिक्सचा मेन्यू येतो. त्यात दुसरा रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवायची पद्धत) निवडून गेम पुन्हा सुरू करा. सहसा ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असल्याचा हा परिणाम असतो, तोही अद्ययावत करून घ्या.

प्रश्न: माझी चौदा वर्षांची मुलगी ‘कॉलेजचा गेम’ म्हणून असं काही खेळते. काळजी करावी का?
– एक पालक, ताराबाई पार्क

उत्तर: गेम कुठला आहे ते आधी बघा. या प्रकारात हात धरण्यापाशी थांबणारे गेम आहेत, तसेच निव्वळ प्रौढांसाठी बनवलेलेही आहेत, आणि दोन्हींच्या चित्रावर तेच कॉलेज असतं. स्टोअरच्या पानावरचं वयाचं मानांकन आणि त्याखालचा तपशील वाचा. स्टोअरबाहेरून उतरवलेल्या गेमला असं मानांकन असेलच असं नाही. गेमचं पान १८ वर्षांवरील असल्याची खात्री मागत असेल, तर तो तिच्यासाठी नाही. बाकीचे खेळू द्या, आणि एखादा एपिसोड तिच्या शेजारी बसून वाचा. कुठलं उत्तर का निवडलं, हे मुली आपणहून सांगतात.

प्रश्न: रंकाळा, खाऊगल्ली, आमचं कॉलेज असं सगळं घेऊन मराठीतच असा गेम करायचाय. रेनपायवर मराठी अक्षरं नीट दिसतात का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: करा, जरूर करा. जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या पलीकडे जायचा आणि जोडाक्षरं फुटायची. सध्याच्या आवृत्तीत हार्फबझ या शेपरची, म्हणजे अक्षरं जोडून नीट मांडणाऱ्या भागाची, सोय आहे, त्यामुळे ती अडचण दूर झाली. आवृत्ती ताजी घ्या. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा, परवाना मोकळा असलेला फॉन्ट गेम फोल्डरमध्ये टाका आणि जीयूआयच्या (गेमचं रंगरूप ठरवणाऱ्या) फाइलमध्ये मजकुराच्या फॉन्टपुढे त्याचं नाव लिहा. पात्रांची नावं आणि मेन्यू यांच्या फॉन्टच्या ओळी वेगळ्या असतात, त्याही बदला, नाहीतर तिथे रिकामे चौकोन दिसतील. ‘विद्यार्थिनी’, ‘किर्र’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द पहिल्याच पडद्यावर लिहून बघा. ते बरोबर उमटले तर पुढचं लिहायला घ्या. रंकाळ्याचे फोटो स्वतः काढा, १९२० बाय १०८० या मापात, आणि एकाच जागेवरून सकाळचा, संध्याकाळचा, पावसातला असे तीन घ्या. पार्श्वभूमी म्हणून पुढे तेच पुन्हा पुन्हा लागतात.